रहोभ्याख्यान आणि मोबाईल



दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी सातवा येतो, व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. लहानपणापासून हा अध्याय कानावरून गेला आहे. लग्न होऊन शुक्रवार पेठेत आले तेव्हा सासूबाईंच्या शेजारी बसून ऐकला, आता सुनेच्या शेजारी बसून ऐकते. पाठ होता, पण पाठ असलेल्या गोष्टीकडे आपण बघत नाही. उंबऱ्यासारखं असतं ते, रोज ओलांडतो आणि रंग विचारला तर सांगता येत नाही.

सत्याणुव्रताचे पाच अतिचार तुम्हालाही पाठ असतील. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार, साकारमंत्रभेद. मी कॉमर्सची, त्यामुळे कूटलेख आणि न्यासापहार मला पहिल्यापासून आवडायचे. कूटलेख म्हणजे खोटा लेख करणं, खोटी वही लिहिणं. न्यासापहाराचा खुलासा तर ऑडिटरने लिहावा इतका नेमका आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला, त्याने कमी मागितली, आणि आपण 'बरोबर आहे, तेवढीच होती' म्हणून तेवढीच परत दिली, तर तो न्यासापहार. खोटं बोललो नाही, फक्त त्याच्या विसरण्याला मान डोलावली. व्यापारी समाजाच्या आचार्यांनाच हे सुचावं!

या दोघांच्या नादात रहोभ्याख्यान मात्र मी कायम ओलांडून जायची. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सरळ दिला आहे : स्त्री-पुरुषांनी एकांतात जे केलं ते चारचौघांत उघड करणं. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही सत्याणुव्रताच्या अतिचारांत तो आहेच.

हा अतिचार कुठल्या व्रताचा आहे ते बघा. ब्रह्मचर्याणुव्रताचा नाही. त्याचे पाच वेगळे, आणि ते ज्याने केलं त्याच्या खात्यावर. हा सत्याचा आहे, आणि जो सांगतो त्याच्या खात्यावर. म्हणजे घडलेली गोष्ट खरी असली, शंभर टक्के खरी असली, तरी ती उघड करणारा सत्यव्रतालाच डाग लावतो. आपण तर उलटं म्हणतो. 'मी काय खोटं सांगतेय का? खरं तेच सांगतेय.'

हे मीच म्हटलं होतं. म्हणून तर या शब्दावर अडकले.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका संध्याकाळी चार स्क्रीनशॉट आले. नात्यातल्या एका सुनेचं कोणाशी तरी चाललेलं बोलणं. तिचा मोबाईल कोणी उघडला, कसा उघडला, ग्रुपवर कोणी टाकलं, हे लिहिणार नाही. गावही लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहे, ज्यांना नाही त्यांना ते माझ्याकडून कळायला नको. टाकणाऱ्याने दहा मिनिटांत ते पुसलं, पण दहा मिनिटं पुष्कळ झाली. रात्री जेवणं होईपर्यंत तीन गावांत फोन झाले होते. मी स्वतः दोन केले. एका बहिणीने म्हटलं, 'अगं, कशाला बोलायचं?' त्यावर मी ते वाक्य बोलले. खरं तेच सांगतेय.

त्या मुलीने काय केलं, बरोबर की चूक, हा प्रश्न आहेच. ती बरोबर होती असं मी म्हणत नाही. स्वदारसंतोष हे व्रत जितकं पुरुषाला तितकंच बाईला. पण तिच्या चुकीचा निवाडा करायला ती, तिचा नवरा आणि फार तर दोन वडीलधारी पुरेशी होती. आम्ही चाळीस जण त्यात काय करत होतो?

अंजनासतीची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. पण रविषेणाचार्यांचं पद्मपुराण, सातव्या शतकातलं, पुन्हा वाचताना मला सुरुवातीचा भाग वेगळाच दिसला. आपण अंजनेला जंगलात पाठवलं तिथून रडायला लागतो. गोष्ट त्याआधी, एका खिडकीपाशी सुरू होते. लग्नाला थोडे दिवस उरलेत, पवनंजयाला धीर धरवत नाही, म्हणून तो प्रहसित मित्राला घेऊन गुपचूप अंजनेच्या महालापाशी येतो आणि लपून आतलं बोलणं ऐकतो. आत मिश्रकेशी नावाची सखी पवनंजयाला नावं ठेवून विद्युत्प्रभाचं कौतुक करत असते. अंजना गप्प. लाजेने गप्प आहे, की आपल्याच विचारात आहे, की सखीचं बोलणं तिला आवडलं आहे? लपून ऐकणाऱ्याला ते विचारायची सोय नसते. पवनंजय स्वतःच अर्थ लावतो, लग्न करतो आणि बावीस वर्षं तिचं तोंड बघत नाही.

बावीस वर्षं! एका न बोललेल्या वाक्यासाठी.

पुढे युद्धाला जाताना मानसरोवरापाशी जोडीदारावाचून तळमळणारी चक्रवाकी बघून त्याला पहिल्यांदा वाटतं की हिचं एका रात्रीत असं होतं, तर अंजनेचं काय झालं असेल. मग तो परत येतो, तोही गुपचूप, आणि रात्र काढून परत जातो. अंजनेला दिवस जातात. सासू केतुमती विचारते. अंजना खरं सांगते, खुणेचा दागिना दाखवते. पुरावा दाखवूनही सासू विश्वास ठेवत नाही, आणि माहेरी महेंद्रराजा, जन्मदाता बाप, दारातूनच परत पाठवतो. का? तर लोक काय म्हणतील. सगळ्या गोष्टीत वसंतमाला एकटीच अशी आहे की जी काही सिद्ध व्हायची वाट बघत नाही. ती तिच्याबरोबर जंगलात जाते आणि गुहेत बाळंतपण करते.

अंजना निर्दोष होती, म्हणून तिची गोष्ट सांगणं सोपं. दोष असलेल्या बाईची गोष्ट कशी सांगायची? आपल्या महाराष्ट्रातच अशी एक गाजलेली गोष्ट आहे. तुमच्यातल्या ज्या माझ्या वयाच्या, त्यांनी आईबापांच्या तोंडून ऐकली असेल. बाकीच्यांनी सिनेमात बघितली असेल.

२७ एप्रिल १९५९. मुंबई. नौदलातले कमांडर कावस माणेकशॉ नानावटी, 'मैसूर' या युद्धनौकेवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, बऱ्याच दिवसांनी घरी आलेले. बायको सिल्व्हिया, जन्माने इंग्रज. लग्न १९४९ मध्ये इंग्लंडात झालेलं, तीन मुलं. त्या दिवशी तिने नवऱ्याजवळ कबूल केलं की प्रेम आहुजा या त्यांच्याच ओळखीतल्या माणसाशी तिचे संबंध आहेत. नानावटींनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, नौकेवर जाऊन पिस्तूल आणि सहा गोळ्या घेतल्या, आणि नेपियन सी रोडजवळच्या आहुजाच्या घरी गेले. तीन गोळ्या सुटल्या, आहुजा मेला. नानावटी स्वतःहून पोलिसांत हजर झाले.

या खटल्यावर ढिगाने लिहिलं गेलं आहे. आठ विरुद्ध एक अशा ज्यूरीने निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे मार्च १९६० मध्ये जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. रूसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींना नायक केलं, आणि पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जायला लागला. रस्त्यावर आहुजाच्या नावाचे टॉवेल आणि नानावटींच्या नावाची खेळण्यातली पिस्तुलं विकायला होती. टॉवेल का, तर आहुजा मेला तेव्हा न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आलेला होता. माणूस मेला त्याच्या टॉवेलची थट्टा.

माझं लक्ष दुसरीकडे जातं. सिल्व्हियाने आहुजाला लिहिलेली खासगी पत्रं त्या खटल्यात पुरावा म्हणून आली. तिने नवऱ्याच्या बाजूने साक्ष दिली, म्हणजे खचाखच भरलेल्या न्यायालयात उभं राहून आपल्या संबंधांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं दिली. बाहेर पोरीबाळी नानावटींच्या नावाने जयजयकार करत होत्या. एका बाईने एका माणसाला कधीतरी लिहिलेली चार वाक्यं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात छापली गेली, आणि आज मोबाईलवर दोन मिनिटांत कोणालाही सापडतात. मलाही सापडली. मी ती वाचली, आणि इथे मुद्दाम देत नाही.

न्यायालयाला ती पत्रं हवीच होती हे मला कळतं. खून झाला होता. सत्य शोधायला एकांत उघडावा लागला तर न्यायाधीशाने तो उघडावा, तो त्याचा धर्म. पण 'ब्लिट्झ'चा अंक दोन रुपयांना घेणाऱ्याचा तो धर्म नव्हता. न्यायाधीश वाचतो आणि शेजारीण वाचते यातलं अंतर मला या खटल्याने शिकवलं.

पुढचं कमी लोकांना माहीत असतं. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याआधी प्रेमची बहीण मॅमी आहुजा हिने, माफीला आपली हरकत नाही, असं लिहून दिलं. जिचा भाऊ मेला तिने. क्षमावाणीला आपण शंभर जणांना एकच मेसेज पाठवतो, तेव्हा मला अधूनमधून या बाईची आठवण येते. नंतर नानावटी, सिल्व्हिया आणि मुलं कॅनडात गेली. ती दोघं शेवटपर्यंत एकत्र राहिली. नानावटी २००३ मध्ये वारले. बाहेरच्या लोकांनी ज्या लग्नावर इतकं बोलून घेतलं ते लग्न टिकलं, आणि ते कसं टिकलं, त्या दोघांत काय बोलणं झालं, हे कोणालाच माहीत नाही. तेवढा एकांत त्यांना अखेर मिळाला.

उच्च न्यायालयात सरकारच्या बाजूने, म्हणजे नानावटींविरुद्ध, उभे होते सरकारी वकील यशवंत विष्णू चंद्रचूड. पुण्याचे. हेच पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले, आणि सगळ्यांत जास्त काळ त्या पदावर राहिले. यांच्या घराभोवती आपल्या विषयाचा पुढचा इतिहास फिरतो.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. व्यभिचाराचं कलम ४९७ भारतीय दंडसंहितेत १८६० मध्ये आलं. १८३७ च्या पहिल्या मसुद्यात, जो मेकॉलेच्या आयोगाने केला, ते नव्हतं. इथल्या मुलींची लग्नं लहानपणीच होतात, नवरा दुसऱ्या बायका करतो, अशा देशात बाईला या गुन्ह्यात शिक्षा करणं बरं नाही, असाही विचार त्यामागे होता. मेकॉलेबद्दल आपल्याकडे चांगलं बोलायची पद्धत नाही, पण त्याला एवढं दिसलं होतं. नंतरच्या आयोगाने कलम घातलं आणि विचित्र घातलं. दुसऱ्याच्या बायकोशी, नवऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. बाईला शिक्षा नाही. ऐकायला बरं वाटतं ना? पण तक्रार करायचा हक्क फक्त त्या बाईच्या नवऱ्याला. ज्या पुरुषाने बाहेर संबंध ठेवले त्याची स्वतःची बायको तक्रार करू शकत नव्हती. आणि 'नवऱ्याच्या संमतीवाचून' हे शब्द नीट वाचा. संमती असेल तर गुन्हाच नाही. म्हणजे गुन्हा कसला होता? दुसऱ्याचा माल न विचारता उचलल्याचा. आमच्या कॉमर्सच्या भाषेत बाई मालमत्तेच्या बाजूला लिहिली होती, मालकाच्या बाजूला नाही.

स्वातंत्र्यानंतर पहिलं आव्हान आपल्या मुंबईतूनच गेलं. युसूफ अब्दुल अझीझ नावाच्या आरोपीने विचारलं, बाईला शिक्षा नाही मग मलाच का? मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याची मागणी फेटाळली, पण बायको नवऱ्याची मालमत्ता आहे ही कल्पना या कलमाच्या मुळाशी आहे, हे त्यांनीही ओळखलं होतं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम कायम ठेवलं. १९८५ मध्ये सौमित्री विष्णू या बाईच्या अर्जावर पुन्हा प्रश्न आला. निकाल लिहिला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी. कलम कायम. मोहात पाडणारा पुरुषच असतो, बाई नव्हे, असं समाज धरून चालतो, या अर्थाचं त्यांनी लिहिलं. १९८५ म्हणजे आपल्या तारुण्यातला काळ. तेव्हा हे वाचलं असतं तर मला बहुतेक पटलंही असतं.

त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड न्यायमूर्ती झाले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. अर्ज पुट्टस्वामी नावाच्या निवृत्त न्यायमूर्तींचा, विषय आधार कार्डाचा. त्या निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला, ज्यावर वडिलांची सही होती. पुढच्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, जोसेफ शाइन खटल्यात पाच न्यायाधीशांनी कलम ४९७ रद्द केलं. अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले होते. त्यातही १९८५ चा वडिलांचा निकाल मोडला गेला. वडील २००८ मध्येच गेले होते. घरात बापाचं चुकलं हे म्हणायला किती वर्षं लागतात, तुम्हीच सांगा. मुलाने ते भर न्यायालयात, कारणं देऊन, आवाज न चढवता म्हटलं.

त्या दिवशी आमच्या भागातल्या बऱ्याच जणींचा गैरसमज झाला होता. 'आता सगळं मोकळंच झालं म्हणा!' असं एक काकू मंदिराच्या पायऱ्यांवर म्हणाल्या. तसं झालं नाही. तुरुंगाची शिक्षा गेली, एवढंच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो आपल्या जैनांनाही लागू आहे, व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण तेव्हाही होतं, आजही आहे, आणि ते नवरा-बायको दोघांनाही सारखं. फक्त हा आता फौजदाराचा विषय राहिला नाही, त्या दोघांचा राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा परत घातलेला नाही.

आता मोबाईलकडे येते.

पूर्वी आपल्या घरांत खासगी असं काय होतं? सासरी आलेलं पत्र आधी सासरे वाचायचे, मग ते सुनेच्या हातात यायचं. पोस्टकार्ड तर पोस्टमनपासून सगळ्यांचं. आणि जिला वाचता येत नव्हतं तिला नवऱ्याचं पत्रही दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं. पंडिता सुमतीबाई शहांनी आपल्या सोलापूरचा श्राविकाश्रम वाढवला, त्याबद्दल आपण 'स्त्रीशिक्षण' म्हणून बोलतो. पण तिथे अक्षरं शिकलेल्या विधवांना, परित्यक्तांना पहिल्यांदा काय मिळालं असेल? स्वतःचं पत्र स्वतः वाचता येणं. एकांत मिळायला आधी अक्षर यावं लागतं, हे मला फार उशिरा सुचलं. (याच सोलापुरात १८८४ साली शेठ हिराचंद नेमचंद दोशींनी 'जैन बोधक' काढला. त्या काळात शास्त्रं छापावीत की नाही यावरही आपल्या समाजात भांडणं होती. छापावीत म्हणणारे जिंकले, म्हणून सर्वार्थसिद्धी आज माझ्या कपाटात आहे.)

मोबाईलने प्रत्येकीला स्वतःची कुलूपबंद पेटी दिली आणि त्याच दिवशी ती फोडायचं हत्यारही प्रत्येकाला दिलं. नवऱ्याचा अंगठा झोपेत लावून फोन उघडणाऱ्या बायका आहेत, बायकोच्या फोनमध्ये न सांगता काहीतरी बसवणारे नवरे आहेत. परवानगीवाचून दुसऱ्याचा फोन किंवा संगणक उघडणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली दोष आहे, आणि लग्न झालं म्हणून त्यात सूट लिहिलेली नाही. आणि साकारमंत्रभेद? त्या अतिचाराचा अर्थ असा की कोणाच्या भुवईवरून, चेहऱ्यावरून मनातलं ओळखायचं आणि मत्सराने ते बाहेर फोडायचं. आता भुवई बघायला नको. 'लास्ट सीन' रात्री एक वाजून दहा मिनिटांचं दिसलं की झालं. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी. पवनंजयाची खिडकी आपण प्रत्येकाने खिशात घेतली आहे, आणि आतली बाई गप्प का आहे हे आजही तिथून कळत नाही.

कायद्यालाही यातून सरळ वाट सापडलेली नाही. लग्नात नवरा-बायको एकमेकांना जे बोलतात ते बाहेर सांगायची सक्ती करता येत नाही, परवानगीशिवाय सांगूही देता येत नाही, असा आपल्या पुरावा कायद्यात इंग्रजांच्या काळापासून, १८७२ पासून नियम आहे. नव्या साक्ष्य अधिनियमातही तो आहे. मात्र खटला त्या दोघांमध्येच असेल तर अपवाद. पंजाबातल्या बठिंड्याच्या एका नवऱ्याने बायकोशी झालेलं बोलणं तिला न कळू देता रेकॉर्ड केलं आणि घटस्फोटाच्या खटल्यात दिलं. उच्च न्यायालय २०२१ मध्ये म्हणालं, हा तिच्या खासगीपणाचा भंग. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं : पुरावा म्हणून चालेल. असं चाललं तर घराघरांत हेरगिरी वाढेल, असा युक्तिवाद झाला होता. त्यावर न्यायालयाचं म्हणणं असं की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवायला लागले, म्हणजे लग्न आधीच मोडलेलं आहे. पाळत ठेवणं हा मोडण्याचा परिणाम आहे, कारण नव्हे.

मला हे अर्धं पटतं. खटल्यात पुरावा लागतो. छळ सोसणाऱ्या बाईकडे कित्येकदा रेकॉर्डिंगशिवाय दुसरं काहीच नसतं, कारण सासरच्या घरात तिच्या बाजूने साक्ष कोण देणार? तिच्यासाठी हा निकाल आधार आहे. पण पाळत हा नुसता परिणाम असतो, हे मला पटत नाही. पवनंजयाचं लग्न व्हायचं होतं तेव्हाच तो खिडकीपाशी उभा होता.

आणि न्यायालयाने न्यायाधीशाला ऐकायची परवानगी दिली, मामेसासूबाईंना नाही. हा फरक आपण विसरतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या एका वेबसाइटची सगळी माहिती चोरांनी फोडली. अॅशली मॅडिसन तिचं नाव, लग्न झालेल्यांना बाहेरचा जोडीदार मिळवून द्यायचा तिचा धंदा. तीन कोटींहून जास्त खात्यांची नावं-पत्ते उघडे पडले. फोडणारे म्हणत होते की आम्ही ढोंग्यांना उघडं पाडतोय. लोकांनी नवऱ्याचं नाव शोधलं, साहेबाचं, शेजाऱ्याचं. अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकाचं नाव त्यात होतं, त्याने जीव दिला. त्याच्या बायकोने नंतर सांगितलं की ती त्याला क्षमा करणार होती. तिला विचारायला कोणी थांबलंच नाही. धंद्याची एक गंमत सांगते : खातं कायमचं पुसायचे ती कंपनी १९ डॉलर घ्यायची, आणि पैसे घेऊनही पुसत नव्हती. न्यासापहार, दुसरं काय!

आता त्या मुलीबद्दल. स्क्रीनशॉट आले त्यानंतर ती सहा-सात महिने कुठल्याच कार्यक्रमाला दिसली नाही. लग्नाला नाही, चातुर्मासात महाराजांच्या दर्शनाला नाही. तिचा नवरा तिला सोडून गेला नाही. दोघं एकाच घरात राहतात. त्यांच्यात काय ठरलं मला माहीत नाही, आणि यापुढे कोणाला विचारणार नाही. मला फक्त एवढं कळलं की नवऱ्याला जे कळलं ते तिने सोसलं असतं. आम्हा सगळ्यांना कळलं ते तिला सोसवत नव्हतं. नवऱ्यासमोर एकदा रडता येतं, चाळीस जणांसमोर किती वेळा रडायचं?

आमच्यातली वसंतमाला कोण होती माहीत आहे? 'कशाला बोलायचं' म्हणणारी ती माझी बहीण. त्याच आठवड्यात ती एसटीने त्यांच्या घरी गेली, दोन दिवस राहिली, तिच्याबरोबर मेथी निवडली, पोरांचा अभ्यास घेतला, आणि परत आल्यावर आम्ही विचारलं तर म्हणाली, 'बरी आहे.' एवढंच. आम्हाला रागच आला होता तिचा.

गेल्या वर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांना पाठवला तोच मेसेज तिलाही पाठवायला घेतला, नाव काढलं, आणि हात थांबला. मग पर्व झाल्यावर आठ-दहा दिवसांनी तिच्या गावी गेले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून नेली होती, तिला आवडते म्हणून. दार तिनेच उघडलं. वाकून नमस्कार केला, 'या ना मावशी' म्हणाली. चहा केला. मुलांच्या परीक्षेचं बोललो, गुडघ्यांचं बोललो, सोलापुरातल्या पाण्याचं बोललो. टेबलावर तिचा फोन पालथा ठेवलेला होता. एकदा वाजला, तिने बघितला नाही.

तासभर बसले. जे म्हणायला गेले होते ते माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. निघताना तिने डबा घासून परत दिला, त्यात गूळ घातला होता, रिकामा द्यायचा नाही म्हणून.

यंदा पुन्हा जायचं आहे.